सोमवारचा भाऊ

१९८५ सालचा जून महिना. शनिवारची संध्याकाळ आणि बाहेर मुंबईचा पाऊस. फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलच्या दारात मी दीड तास बसून होतो. बँकेत अधिकारी होऊन मला जेमतेम वर्ष झाले होते. सहामाही क्लोजिंग तोंडावर आले होते आणि माझ्या हातात तातडीच्या सहीचा एक कागद होता. सही हवी होती आमच्या चीफ मॅनेजरांची. शिपायाने सांगितले होते, "साहेब आज जादूघरात भेटतील."

दारावरच्या गृहस्थांनी मला अदबीने बसवले, पण आत निरोप द्यायला नकार दिला. सभा सुरू असताना आत कोणी जात नाही म्हणाले. मी पावसाकडे बघत बसलो. सभा संपली, जेवणे आटोपली, मंडळी बाहेर पडू लागली. आणि मी जे पाहिले त्याने उठून उभा राहिलो.

पुढे होते आमचे बावाजी. म्हणजे आमच्या शाखेचे पारशी हेड कॅशियर. त्यांच्या मागे एक पायरी ठेवून चीफ मॅनेजर चालत होते. साहेबांच्या एका हातात बावाजींची बॅग होती आणि दुसऱ्या हातात छत्री. ती छत्री त्यांनी बावाजींच्या डोक्यावर धरली होती. स्वतःचा डावा खांदा पार भिजला होता. टॅक्सीचे दार उघडून त्यांनी बावाजींना आत बसवले आणि मगच माझ्या कागदावर सही केली.

सोमवारी सकाळी बावाजी रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या टेबलासमोर उभे होते. साहेबांनी मान वर न करता विचारले, "क्लोजिंगच्या आठवड्यात रजा?" बावाजी म्हणाले, "सॉरी सर, घरी जरा काम आहे." साहेबांनी सही केली, बावाजी "थँक यू सर" म्हणून कॅश केबिनमध्ये परतले.

शनिवार आणि सोमवार यांच्यामध्ये काय झाले, हे मला त्या वेळी कळले नाही. पुढे नोकरी झाली, बदल्या झाल्या, चार-दोन कादंबऱ्या लिहून झाल्या, निवृत्तीही झाली. पण ती छत्री आणि तो रजेचा अर्ज काही डोक्यातून गेला नाही.

गुण्या, ओळंबा, पाणसळ

दुपारी डब्याच्या वेळी मी धीर करून बावाजींना विचारले. ते हसले. "अरे डिकरा, या वर्षी मी लॉजचा मास्टर आहे. पुढच्या वर्षी दुसरा कोण होईल. तिथे तुझा साहेब मला मान देते, इथे मी त्याला देते. तिथे सगळे एका लेव्हलवर."

हे 'लेव्हल' नुसते बोलण्याचे नव्हते. फ्रीमेसन म्हणजे शब्दशः मुक्त गवंडी. मध्ययुगात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मोठमोठी चर्चे आणि किल्ले बांधणारे कारागीर कामाच्या जागेशेजारी खोपटे घालत. हत्यारे तिथेच ठेवायची, दुपारी तिथेच टेकायचे, धंद्याच्या खुब्या तिथेच शिकायच्या आणि शिकवायच्या. त्या खोपटाला लॉज म्हणत. मला हे समजायला अवघड गेले नाही. मी येवल्याचा. मागाच्या खटखटाटात वाढलेला. माझे वडील एका पैठणी कारखानदाराच्या पेढीवर दिवाणजी होते. पैठणीच्या पदरावरचा मोर कसा उठतो हे विणकराच्या घरात मूल बघता बघता शिकते. बाहेरच्याला ते कोणी हात धरून शिकवत नाही. ज्या कलेवर पोट चालते ती कला चार भिंतींत राखली जातेच. मेसनांच्या गुपितांचे मूळ इतके साधे आहे.

पुढे या गवंड्यांच्या लॉजमध्ये आयुष्यात कधी दगड न उचललेले लोक सभासद म्हणून येऊ लागले. हत्यारे राहिली, पण खुणेपुरती. २४ जून १७१७ रोजी लंडनच्या चार लॉजनी सेंट पॉल चर्चजवळच्या 'गूज अँड ग्रिडायर्न' नावाच्या मद्यगृहात जमून आपली ग्रँड लॉज स्थापन केली, असे परंपरेने मानले जाते. १७२३ मध्ये जेम्स अँडरसन यांनी तयार केलेली नियमावली छापली गेली. गवंड्याचा गुण्या म्हणजे वागण्यातला काटकोन, ओळंबा म्हणजे सरळपणा आणि पाणसळ म्हणजे समानता, असे अर्थ लावले गेले. सभासदाने तीन पायऱ्या चढायच्या : शिकाऊ, कारागीर आणि मग मास्टर. परमेश्वराला मानणे आवश्यक. तो कोणत्या नावाचा, हे विचारायचे नाही. त्याला नाव दिले 'विश्वाचा थोर स्थापत्यकार'. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही. धर्माच्या नावाने माणसांनी एकमेकांचे गळे कापलेल्या युरोपात हा नियम किती मोलाचा वाटला असेल, याची कल्पना करता येते. रोमच्या पोपना मात्र तो धोक्याचा वाटला. त्यांनी १७३८ मध्येच आपल्या अनुयायांना लॉजची बंदी केली.

बावाजींनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या बँकवाल्या मनाला विशेष भिडली. "हे गुपित नाय, पुस्तकात छापेला आहे," असे आधी बजावून त्यांनी ती सांगितली. नव्या माणसाला दीक्षा देताना त्याच्याजवळचे पैसे, घड्याळ, अंगठी, धातूची म्हणून जी वस्तू असेल ती बाहेर काढून घेतात. मग भर सभेत त्याच्यापुढे हात पसरून गरिबांसाठी काही द्यायला सांगतात. तो खिसे चाचपतो. काही नसते. चारचौघांत देण्यासारखे आपल्याजवळ काही नाही, या लाजेचा त्याला एकदा अनुभव येतो. मग त्याला सांगतात : पुढे कधी असा माणूस तुझ्या दारात आला तर ही घटका आठव.

सभासद व्हायचे तर एकाने नाव सुचवावे लागते आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यावे लागते. मग पेटीत गोळ्या टाकून गुप्त मतदान. पांढरी गोळी होकाराची, काळी नकाराची. काळ्या गोळीचे कारण कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. हे ऐकून मी म्हणालो, "बावाजी, आपल्या खाते उघडण्याच्या फॉर्मसारखेच की!" त्या काळी बँकेत नवे खाते उघडायला जुन्या खातेदाराची सही लागे. ओळख देणारा नसेल तर पैसे असूनही माणूस काउंटरच्या बाहेर. बावाजी खूप हसले. मीही हसलो. त्या हसण्याची किंमत मला पुढच्याच वर्षी कळली. ती गोष्ट पुढे सांगतो.

दार कोणासाठी?

भारतात लॉज आली ती कंपनीच्या गोऱ्यांबरोबर. कलकत्त्याला १७३० मध्ये आणि मुंबईला १७५८ मध्ये. विश्वबंधुत्वाच्या शपथा घेणाऱ्या या खोल्यांत इथला माणूस जवळजवळ नव्हताच. अर्काटच्या नबाबाच्या मुलासारखा एखादा अपवाद.

मुंबईत ही कोंडी फुटली ती एका पारशी गृहस्थामुळे. माणकजी करसेटजी हे सुधारक वृत्तीचे, इंग्रजी शिकलेले. पुढे १८६३ मध्ये त्यांनीच मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली. मुंबईच्या लॉजमध्ये त्यांना प्रवेश मिळेना. युरोपच्या प्रवासात त्यांना पॅरिसच्या एका लॉजने दीक्षा दिली. परत आले तरी मुंबईचे दार बंदच. जो माणूस पॅरिसमध्ये भाऊ होता, तो अपोलो बंदरावर उतरताच परका झाला.

तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स पुढे आले. स्कॉटलंडचे, कवी रॉबर्ट बर्न्सच्या कुळातले, कच्छमध्ये भूजला डॉक्टर म्हणून राहिलेले आणि पश्चिम भारतातल्या स्कॉटिश मेसनांचे प्रमुख. जुन्या लॉजचे दार उघडत नसेल तर नवे दार करावे, असा मार्ग त्यांनी काढला. डिसेंबर १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज मुंबईत सुरू झाली, ती खास हिंदी लोकांना प्रवेश देण्यासाठी. पारशी आणि मुसलमान सभासद आले. पुढे प्राच्यविद्येचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा १८५४ मध्ये या लॉजमध्ये आले आणि आयुष्यभर मेसन राहिले.

हिंदूंची वाट याहून लांब होती. कलकत्त्याचे व्यापारी प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला. हिंदू अनेक देव मानतात, मग त्यांचा एक 'स्थापत्यकार' कोणता? आणि जे एकमेकांच्या हातचे खात नाहीत ते भाऊ कसे होणार? असे आक्षेप निघाले. दत्तांनी नऊ वर्षे लढा दिला आणि १८७२ मध्ये प्रवेश मिळवला. १८८४ मध्ये कलकत्त्याच्याच एका लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त हे तरुण आले, ज्यांना पुढे जग स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले. दादाभाई नौरोजी मेसन होते, मोतीलाल नेहरू होते. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये गेला, तेव्हा त्याला एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आपल्या लॉजवर त्याने 'द मदर लॉज' ही कविता लिहिली. बाहेर हुद्द्याने हाक मारायची आणि आत भाऊ म्हणायचे, हे तिथेही होतेच. आणि कोणाचा जातिधर्म बिघडू नये म्हणून ही भावंडे एकत्र पंगत घालत नसत, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे.

स्वातंत्र्यानंतर, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत भारताची स्वतःची ग्रँड लॉज स्थापन झाली. रामपूरचे नबाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर. आपल्याकडच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहिब असे वेगवेगळे धर्मग्रंथ असतात आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची असते. हे दृश्य मनात आणले की अजूनही बरे वाटते. पण खरे सांगायचे तर त्या दारापर्यंत पोचायला इंग्रजी लागे, कोट लागे, वर्गणी लागे आणि ओळख देणारा लागे. ज्याच्याजवळ यातले काहीच नाही त्याला काळी गोळी टाकण्याचीही गरज पडत नसे. तो त्या रस्त्यालाच फिरकत नसे.

परमहंसांचा पाव

रायझिंग स्टार निघाली त्यानंतर सहाच वर्षांनी, १८४९ मध्ये, त्याच मुंबईत मराठी माणसांची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. तिचे नाव परमहंस सभा. तिच्यामागची प्रेरणा होती व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांची, आणि अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर. ही मेसनांची लॉज नव्हती; पण तिलाही दार होते, दीक्षा होती आणि गुप्ततेची शपथ होती. जातिभेद मानणार नाही, ही मुख्य प्रतिज्ञा. ती नुसती तोंडाने घेऊन भागत नसे. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे.

आज पावभाजी खाताना हे वाचून हसू येईल. त्या काळात पावाच्या त्या एका तुकड्याने घरदार सुटू शकत होते, बहिणीचे लग्न मोडू शकत होते, आईच्या अंत्यविधीला खांदेकरी मिळेनासे होऊ शकत होते. कलकत्त्याच्या साहेबांना जो प्रश्न पडला होता, म्हणजे एकमेकांच्या हातचे न खाणारे भाऊ कसे होणार, त्याचे उत्तर या तरुणांनी खाऊन दाखवले होते. मुंबईबाहेर पुणे-अहमदनगरपर्यंत सभेच्या शाखा निघाल्या. पण सारे काही बंद दाराआड. हजार सभासद झाले की एकदम उघड व्हायचे, असा बेत असल्याचे सांगतात.

तो दिवस आला नाही. १८६० च्या सुमारास कोणीतरी सभासदांच्या नावांची यादी पळवली. नावे फुटणार या भीतीने मंडळी पांगली आणि सभा संपली. आत भाऊ असलेले सगळे बाहेर आल्याबरोबर पुन्हा आपापल्या जातीचे झाले. हे वाचताना मला त्यांना भित्रे म्हणवत नाही. त्यांच्यातल्याच काहींनी पुढे उघड्यावर काम केले. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला, त्यात जुने परमहंसी होते. तरी एक गोष्ट उरतेच. ज्यांचे भाऊपण एका यादीच्या चोरीने संपले, ते भाऊपण चोरी होण्याआधीही बाहेरच्या कोणाच्या उपयोगी पडलेले नव्हते.

येवल्यात

१९८६ च्या दिवाळीत मी गावी गेलो. मनमाडला उतरून एसटीने येवला. संध्याकाळी माझा शाळेतला मित्र भेटायला आला. तो तोवर माध्यमिक शाळेत शिक्षक झाला होता. मी मोठ्या उत्साहाने त्याला लॉजची सगळी हकिगत सांगितली. पाणसळ, गुण्या, धर्मग्रंथ, साहेबांची छत्री. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले,

"मग सोमवारी काय?"

मी रजेच्या अर्जाचे सांगितले. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तुझ्या ताईच्या लग्नात तू मला बुंदी वाढली होतीस. आठवतं?"

आठवत होते. मे १९७९. मित्राने दोन दिवस आमच्या घरी राबून मांडवाचे बांबू उभे केले होते, पाण्याचे पिंप भरले होते. जेवणाच्या वेळी घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी त्याला हाताला धरून गोडीगुलाबीने मागच्या पडवीत नेले. तिथे तीन-चार पत्रावळी वेगळ्या मांडल्या होत्या. मी बुंदीचे पातेले घेऊन वाढत होतो. पंगत वाढली, पडवीत गेलो, तिथेही वाढले. त्याच्या पानात जरा जास्तच बुंदी टाकली. त्याने खाली मान घालून जेवण केले आणि स्वतःची पत्रावळ स्वतः उचलली.

"जास्तीची वाढलीस," तो म्हणाला. "शेजारी बसला नाहीस."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आले असते. जाताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही सहज. त्याच्या वडिलांना कधीकाळी बँकेत बचत खाते उघडायचे होते. ओळख देणाऱ्याची सही हवी होती. ते माझ्या वडिलांकडे आले होते. माझे वडील "उद्या बघू" म्हणाले. त्या उद्याला कितीतरी वर्षे झाली होती, आणि मी मुंबईत काउंटरच्या आत बसून लोकांना विचारत होतो, "ओळख देणारा कोण आहे?" बावाजींबरोबर मी ज्यावर हसलो होतो ते हे होते. नियम चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. बँकेला माणसाची खात्री लागते. पण गावात कोणाला ओळख मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे फॉर्मवर छापलेले नसते.

माझ्या मित्राचे आजोबा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या त्या परिषदेत होते. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून सत्याग्रह चालू होता. पाच वर्षे झाली तरी दार उघडले नव्हते. येवल्याला सुमारे दहा हजार माणसे जमली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्माला येणे माझ्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मी मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

येवल्यात वाढूनही शाळेत असताना मला या परिषदेचे महत्त्व कोणी सांगितले नव्हते. पैठणी सांगितली, तात्या टोप्यांचा जन्म सांगितला, संक्रांतीचे पतंग सांगायलाच नकोत. हे नाही. माणकजींची गोष्ट, परमहंसांची गोष्ट आणि येवल्याची गोष्ट मी शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा मला फरक असा दिसतो. मुंबईच्या एका खोलीत दार उघडले गेले, पण थोड्यांसाठी. दुसऱ्या खोलीत दार लावून सगळे एकत्र जेवले. येवल्यात खोलीच नव्हती. उघड्यावर, हजारोंच्या देखत एका माणसाने सांगितले, की ज्या घरात मला भाऊ म्हणून जागा नाही त्या घराच्या दारात मी आता उभा राहणार नाही.

आणि त्याच माणसाने पुढे सगळ्या देशासाठी बंधुतेचा आग्रह धरला. घटना समितीच्या उद्देशांच्या ठरावात 'बंधुता' हा शब्द नव्हता. तो सरनाम्यात आला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीमुळे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले, की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरच्या रंगापेक्षा खोल जाणार नाहीत. स्वातंत्र्यासाठी कायदा करता येतो, समतेसाठीही करता येतो. शेजारी बसण्यासाठी कायदा कसा करणार?

एक पे-इन स्लिप

बावाजींवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या शाखेतला एक शिपाई अकाली गेला. मागे बायको आणि शाळकरी मुलगा. त्या मुलाचे खाते आमच्याकडेच होते. दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या सुमाराला, त्या खात्यात शाळेच्या फीइतकी रक्कम रोख जमा व्हायची. जमा करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. पण पे-इन स्लिपवरचे अक्षर मी रोज कॅश स्क्रोलवर पाहत होतो. पैसे लॉजचे होते की स्वतःचे, ते मला कधीच कळले नाही. एकदा विचारले तर बावाजी म्हणाले, "तू तुझा काम कर नी." खिसे रिकामे करून घेतल्याची ती घटका या माणसाने खरोखरच लक्षात ठेवली होती. त्यांचा सोमवार असा होता. मीच तो रजेच्या अर्जात शोधत होतो.

त्यांनी मला लॉजमध्ये यायला सुचवले होते. मी घरी विचारले. बायको म्हणाली, "मला येता येईल?" येणार नव्हते. स्त्रियांना प्रवेश देणारी वेगळी परंपरा आहे, ॲनी बेझंट १९०२ पासून तिचे काम करत होत्या. पण बावाजींची लॉज जुन्या वळणाची, फक्त पुरुषांची. "म्हणजे भाऊच भाऊ," ती म्हणाली. "बहिणी स्वयंपाकघरात." मी बावाजींना नम्रपणे नाही म्हटले. मात्र आता वाटते, बायकोचे निमित्त झाले. खरे कारण निराळे होते. जवळच्या माणसाशेजारी जेवायला न बसलेल्या मला कोणत्याही खोलीत जाऊन बंधुत्वाची शपथ घेण्याची लाज वाटत होती.

निवृत्त झाल्यावर मी येवल्याला परतलो. मित्राच्या मुलीचे लग्न झाले तेव्हा मनात ठरवून गेलो होतो, की आज पंगतीत त्याच्या शेजारी बसायचे. गेलो तर मंगल कार्यालयात बुफे. पंगतच नाही. प्लेट हातात घेऊन सगळे उभ्याने जेवत होते, मीही जेवलो. चाळीस वर्षांनी फेडायला काढलेले कर्ज, आणि काउंटर बंद झालेला. मित्र लांबून माझ्याकडे बघून हसला. त्याला कळले होते असे मला वाटते.

परिषदेच्या जागी आता मुक्तिभूमी हे स्मारक उभे आहे. दरवर्षी १३ ऑक्टोबरला तिथे गावोगावची माणसे येतात. गेल्या काही वर्षांपासून मी मित्राबरोबर जातो. बाहेर पाणी वाटणाऱ्या मंडळींना हाताशी मदत करतो. पहिल्या वर्षी त्याच्या एका नातेवाइकाने माझ्याकडे बघून विचारले, "हे कोण?"

मित्र क्षणभर थांबला. मग म्हणाला, "माझा वर्गमित्र."

मला ते बरोबर वाटले. हिशेबात जितकी जमा आहे तितकीच पासबुकात दाखवायची असते. भाऊ हा शब्द आपण भाषणात, सभेत, लग्नपत्रिकेत फार सहज वापरतो. बँकेत असताना मी कितीतरी भाऊ, दादा, अण्णा पाहिले, पण जामीनदाराच्या रकान्यात सही करायची वेळ आली की त्यांच्यापैकी बहुतेकांना बाहेरगावी काम निघे. जो सही करी तो बहुधा फार बोलणारा नसे.

बावाजींच्या लॉजला मी वाईट म्हणत नाही. माणसाला एखादी खोली लागते, जिथे तो थोडा वेळ आपला हुद्दा बाहेर ठेवून बसू शकेल. कोणासाठी ती लॉज असेल, कोणासाठी भजनी मंडळ, कोणासाठी तालीम. तिथे भाऊपणाचा सराव होतो. तालमीत जोर काढलेला पोरगा कुस्तीच्या दिवशी हौद्यात उतरतो की नाही, एवढेच मग बघायचे राहते.

हे तुम्ही वाचता आहात तो दिवस रविवारचा. आज आपण सगळे भाऊच आहोत. उद्या सोमवार आहे.